हातचा न घेता केलेली बेरीज

गणिताच्या तासाला आपण मुलांना पुन्हा पुन्हा बजावतो, "हातचा विसरू नका." आठ आणि सात पंधरा, पाच खाली, हातचा एक. हा हातचा राहिला की बेरीज चुकली. पण दुसऱ्या महायुद्धात जपानच्या आरमारात रोज असंख्य बेरजा मुद्दाम हातचा न घेता केल्या जात. त्या बेरजांच्या आड आरमाराचे सगळे बेत लपवलेले असत. आणि समुद्रापलीकडे, हवाई बेटांवरच्या एका तळघरात, काही माणसे त्याच बेरजा उलट्या सोडवत बसलेली असत. या माणसांचा प्रमुख होता जोसेफ जॉन रोशफोर्ट, अमेरिकी आरमाराचा एक अधिकारी.

हेर म्हटले की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात. वेष पालटून शत्रूच्या मुलखात शिरायचे, डोळ्यांनी पाहायचे, कानांनी ऐकायचे आणि परत येऊन राजाला सांगायचे. रोशफोर्टचे काम हेच होते, पण युद्धकाळात त्यासाठी त्याला खुर्ची सोडून कुठे जावे लागले नाही. शत्रू काय बोलतो ते हवेतून ऐकायचे आणि त्याचा अर्थ लावायचा, एवढेच. हे 'एवढेच' कसे घडते, अपुऱ्या माहितीवरून पक्का निष्कर्ष कसा काढला जातो, आणि तो निष्कर्ष इतरांच्या गळी कसा उतरवावा लागतो, हे रोशफोर्टच्या कारकिर्दीत फार स्वच्छ दिसते.

शब्दकोड्यांचा नाद

रोशफोर्टचा जन्म १९०० साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन या गावी झाला. पुढे त्याचे कुटुंब लॉस एंजेलिसला गेले. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१८ साली, हायस्कूल पुरे व्हायच्या आतच तो आरमारात भरती झाला. वय कमी पडू नये म्हणून त्याने जन्मसाल १८९८ असे सांगितले. अमेरिकी आरमारातले बहुतेक वरिष्ठ अधिकारी ॲनापोलिसच्या नाविक अकादमीतून आलेले असत. रोशफोर्ट तिथे गेलाच नाही. एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या छोट्या अभ्यासक्रमानंतर १९१९ मध्ये तो खालच्या पायरीचा अधिकारी झाला. अकादमीतून आलेला नसणे ही गोष्ट पुढे त्याला आयुष्यभर नडली.

त्याला दोन नाद होते. एक पत्त्यांतल्या ब्रिजचा, दुसरा शब्दकोड्यांचा. 'ॲरिझोना' या युद्धनौकेवर असताना एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या ते लक्षात आले. १९२५ साली गुप्तलिपीच्या कामासाठी माणसे हवी होती, तेव्हा त्याने रोशफोर्टचे नाव सुचवले. वॉशिंग्टनला आरमाराच्या दळणवळण विभागात लॉरन्स सॅफर्ड नावाचा अधिकारी हा नवा उद्योग उभा करत होता. तिथे ॲग्नेस ड्रिस्कॉल या गणित आणि भौतिकी शिकलेल्या बाईंच्या हाताखाली रोशफोर्टने गुप्तलिपीची उकल करण्याचे धडे घेतले. पहिला धडा अक्षरे आणि आकडे मोजण्याचा. कुठलेही अक्षर किती वेळा येते, कशाच्या शेजारी येते, याच्या याद्या करायच्या. प्रतिभेची झेप नंतर; आधी चिकाटीने मोजदाद.

१९२९ ते १९३२ अशी तीन वर्षे आरमाराने त्याला जपानी भाषा शिकण्यासाठी तोक्योला पाठवले. बरोबर एडविन लेटन नावाचा दुसरा अधिकारी होता. दोघांची मैत्री झाली. ही मैत्री दहा वर्षांनी कामाला येणार होती. परत आल्यावर रोशफोर्टने बराच काळ जहाजांवर काढला. त्यामुळे १९४१ साल उजाडले तेव्हा गुप्तलिपी, जपानी भाषा आणि जहाजांचे प्रत्यक्ष चलनवलन या तिन्ही गोष्टी चांगल्या जाणणारा माणूस म्हणून त्याच्याइतका योग्य दुसरा कोणी सापडणे कठीण होते. जून १९४१ मध्ये सॅफर्डने त्याला हवाईतल्या पर्ल हार्बर येथील केंद्राचा प्रमुख नेमले. या केंद्राचे नाव होते 'हायपो'. त्या काळी अमेरिकी आरमारात 'एच' हे अक्षर बिनतारी यंत्रावर स्पष्ट ऐकू जावे म्हणून 'हायपो' असे उच्चारत.

न वाचताही कळते ते

जमिनीवर तारा टाकता येतात. भर समुद्रातल्या जहाजाला तार जोडता येत नाही. त्याला बिनतारी संदेशच पाठवावा लागतो, आणि बिनतारी लहरींचा स्वभाव असा की त्या मित्राकडे जातात तशाच शत्रूकडेही जातात. म्हणून संदेश गुप्तलिपीत घालावा लागतो.

पण मजकूर वाचता आला नाही तरी बरेच काही कळते. समजा, शेजारच्या घरात चाललेले बोलणे आपल्याला समजत नाही. तरीही कोण बोलतो आहे, कोणाशी, किती वेळ, एरवीपेक्षा जास्त की कमी, हे कळतेच. बिनतारी संदेशांचेही तसेच. प्रत्येक जहाजाला संदेशात एक खुणेचे नाव असते. लहरी कोणत्या दिशेने आल्या हे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजले, की नकाशावर दोन रेषा काढून त्या जिथे छेदतात तिथे जहाज आहे असे म्हणता येते. शाळेतल्या भूमितीला याहून जास्त लागत नाही. शिवाय प्रत्येक तारयंत्र चालवणाऱ्याचा हात वेगळा असतो. कोणाचा कट्ट लांब, कोणाचा कड आखूड. सरावलेल्या कानाला तो ओळखू येतो.

हे कान तयार करावे लागत. जपानी लोकांची मोर्स लिपी त्यांच्या 'काना' अक्षरांसाठी वेगळी होती. ती ऐकून उतरवण्यासाठी १९२८ पासून १९४१ पर्यंत अमेरिकी आरमाराने १७६ जणांना शिक्षण दिले. वर्ग भरत वॉशिंग्टनमधल्या आरमाराच्या कचेरीच्या गच्चीवर बांधलेल्या खोलीत. रोशफोर्टच्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद आधी अशा कोणाच्या तरी कानातून आलेला असे.

या पद्धतीला मर्यादाही होती. १ नोव्हेंबर १९४१ रोजी जपानी आरमाराने सर्व जहाजांची खुणेची नावे बदलली. एरवी ती सहाएक महिन्यांनी बदलत. मग एकाच महिन्यात, १ डिसेंबरला, ती पुन्हा बदलली. त्याच सुमारास जपानच्या मोठ्या विमानवाहू नौकांचे आवाज हवेतून नाहीसे झाले. लेटन तोवर पर्ल हार्बरच्या ताफ्याचा गुप्तवार्ता अधिकारी झाला होता. या नौका कुठे आहेत ते माहीत नाही, असे त्याने २ डिसेंबरला आपल्या सेनापतीला सांगितले. नौका बंदरात असल्या तरी शांत असतात, आणि मौन पाळून चालून येत असल्या तरीही शांत असतात. या दोन शांततांत फरक कसा करायचा? ७ डिसेंबरला त्याच नौकांवरून उडालेल्या विमानांनी पर्ल हार्बरवर बाँब टाकले. २,४०३ अमेरिकी माणसे मारली गेली. रोशफोर्टची जुनी नौका 'ॲरिझोना' तिथेच बुडाली.

गुप्तवार्ता अधिकाऱ्याचे काम एकच, शत्रू उद्या काय करणार ते सेनापतीला आज सांगणे. ते आपल्याला जमले नाही, असे रोशफोर्टचे स्वतःविषयीचे मत होते. खरे म्हणजे जपानी आरमाराच्या मुख्य गुप्तलिपीवर काम करण्याची जबाबदारी तोवर हायपोकडे नव्हतीच. त्यांना दुसरी एक लिपी दिलेली होती आणि ती कधीच उलगडली नाही. मुख्य लिपीवर काम करण्याचा हुकूम हायपोला मिळाला हल्ल्यानंतर तीन दिवसांनी, १० डिसेंबरला.

बेरजेत लपलेला शब्द

अमेरिकी लोक या लिपीला 'जेएन-२५' म्हणत. ती समजून घेण्याजोगी आहे, आणि सहावी-सातवीच्या वर्गात करून पाहण्याजोगीही.

पहिली पायरी संकेतकोशाची. कोशात प्रत्येक शब्दाला, जहाजाला, नेहमीच्या वाक्प्रयोगाला पाच अंकी संख्या दिलेली असते. समजा, 'आगमन' या शब्दाला २४१३५ ही संख्या आहे. तीच संख्या हवेत सोडली तर ती वारंवार येईल आणि शत्रू मोजून मोजून ओळखेल. म्हणून दुसरी पायरी. दुसऱ्या एका वहीत पानेच्या पाने कशाही क्रमाने आलेल्या पाच अंकी संख्या छापलेल्या असतात. त्यातली एक, समजा ५८७९२, घ्यायची आणि कोशातल्या संख्येत मिळवायची. मात्र हातचा घ्यायचा नाही. प्रत्येक स्थानची बेरीज स्वतंत्र.

२ + ५ = ७; ४ + ८ = १२, म्हणून २; १ + ७ = ८; ३ + ९ = १२, म्हणून २; ५ + २ = ७. उत्तर ७२८२७. हीच संख्या हवेत जाते. पुढच्या वेळी 'आगमन' लिहिताना वहीतली वेगळी संख्या मिळवली जाईल, त्यामुळे उत्तरही वेगळे येईल.

हातचा का नको? एक तर हातचा घेतला तर उत्तर कधी कधी सहा अंकी होईल. दुसरे, एका अंकात चूक झाली तर ती शेजारच्या अंकात सरकेल. हातचा नसला की चूक जिथल्या तिथे राहते. संदेश घेणारा आपल्याजवळच्या वहीतून तीच संख्या काढतो, हातचा न घेता वजा करतो, आणि त्याला २४१३५ परत मिळते.

आता शत्रूने हे फोडायचे कसे? वहीतल्या संख्या कितीही असल्या तरी मोजक्याच. हजारो संदेश गेले की तीच संख्या पुन्हा वापरली जाणारच. समजा, दुसऱ्या कोणी ६०५१३ हा संकेत त्याच ५८७९२ मध्ये मिळवला. उत्तर येईल १८२०५. आता हवेतून आलेल्या दोन संख्यांची हातचा न घेता वजाबाकी करा: ७२८२७ वजा १८२०५ बरोबर ६४६२२. आणि मूळ संकेतांची वजाबाकी? २४१३५ वजा ६०५१३ हीसुद्धा ६४६२२! म्हणजे मिळवलेली संख्या दोन्हीकडे सारखी असल्याने निघून गेली. मूळ शब्द अजून माहीत नाहीत, पण त्यांच्यातला फरक उघडा पडला. असे शेकडो फरक जमले की त्यांतून रचना दिसू लागते.

आणखी एक गंमत आहे. आपल्या उदाहरणातल्या दोन्ही संकेतांच्या अंकांची बेरीज करून पाहा. दोन्हींची १५ येते, म्हणजे दोन्ही संख्यांना ३ ने भाग जातो. जपानी कोशात मुद्दाम अशाच संख्या वापरलेल्या होत्या. ०००००पासून ९९९९९पर्यंतच्या एक लाख संख्यांत तीनने भाग जाणाऱ्या ३३,३३४ संख्या मिळतात, कोशाला तेवढ्या पुरतात. हेतू चांगला होता. संदेश घेताना एखादा अंक चुकला तर तीनची कसोटी लावून बहुतेक वेळा लगेच कळावे. पण ही कसोटी मित्राला उपयोगी तशीच शत्रूलाही. 'मिळवलेली संख्या अमुक असावी' असा अंदाज करायचा, ती एकाच जागच्या दहा संदेशांतून वजा करायची आणि उत्तरांना तीनने भाग जातो का ते पाहायचे. अंदाज चुकीचा असेल तर प्रत्येक उत्तराला भाग जाण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक. दहाच्या दहा उत्तरांना निव्वळ योगायोगाने भाग जाण्याची शक्यता ५९,०४९ मध्ये एक. म्हणजे दहाही जमली तर अंदाज बरोबर आहे असे धरायला हरकत नाही. चूक पकडण्यासाठी ठेवलेल्या व्यवस्थेनेच कुलपाला फट पाडली.

तळघर

हे सगळे ऐकायला सोपे, करायला अतिशय कष्टाचे. हायपोचे काम एका कार्यालयाच्या इमारतीच्या तळघरात चाले. खिडक्या नाहीत, हवा कोंदट आणि गार. गारठा लागू नये म्हणून रोशफोर्ट गणवेशावर घरगुती लांब कोट आणि पायांत सपाता घालून वावरे. दिवसाचे बहुतेक तास तो तिथेच असे. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे कळायला मार्ग नव्हता.

टॉमस डायर हा गुप्तलिपीतला मुख्य तज्ज्ञ. तो आकड्यांच्या कामासाठी भोके पाडलेली कार्डे वाचणारी यंत्रे वापरी. आजच्या संगणकाची ही आजी म्हणायला हरकत नाही. लाखो कार्डे लागत. ती चालवायला माणसे कमी पडली तेव्हा 'कॅलिफोर्निया' या युद्धनौकेच्या वाद्यवृंदातले वादक घेतले गेले. त्यांची नौका ७ डिसेंबरला जायबंदी झाली होती आणि वाद्ये वाजवायला जागा राहिली नव्हती. संगीताची सवय असलेली ही मुले या कामात उत्तम ठरली.

एवढे करूनही १९४२ च्या वसंतात पुष्कळ संदेशांतला दहा-पंधरा टक्के भागच वाचता येई. बाकीच्या जागा कोऱ्या. म्हणजे हातात येई ते असे काहीसे: "... ताफा ... कोरे ... इंधन ... कोरे ... सोबत ... कोरे." कोऱ्या जागा भरायला रोशफोर्टची स्मरणशक्ती लागे. हा शब्द तीन आठवड्यांपूर्वी कुठल्या जहाजाच्या संदेशात होता, ते जहाज तेव्हा कुठे होते, हे त्याला आठवे. शब्दकोडे सोडवताना आडवे शब्द उभ्या शब्दांना पारखतात, तसे इथे संदेश, दिशा, खुणेची नावे आणि जहाजांच्या नेहमीच्या सवयी हे सगळे एकमेकांना पारखत. एका धाग्यावर त्याने कधी विसंबून राहायचे नाही, असा त्याचा रिवाज होता.

'एएफ' म्हणजे कोणते ठिकाण?

मे १९४२ मध्ये संदेशांतून दिसू लागले की जपानी आरमार फार मोठी मोहीम काढते आहे. लक्ष्याचे नाव होते 'एएफ'. जपानी लोक ठिकाणांना दोन अक्षरी खुणा देत. 'ए'ने सुरू होणाऱ्या खुणा मध्य पॅसिफिकमधल्या अमेरिकी ठिकाणांच्या असाव्यात, असे आधीच्या संदेशांवरून दिसत होते. रोशफोर्ट आणि लेटन यांच्या मते 'एएफ' म्हणजे मिडवे. होनोलुलूच्या वायव्येला सुमारे २,१०० किलोमीटरवर असलेली ही दोन चिमुकली बेटे. तिथे अमेरिकेचा विमानतळ होता.

वॉशिंग्टनच्या मुख्य कचेरीला हे पटत नव्हते. सॅफर्डला फेब्रुवारीतच बाजूला केले गेले होते. नव्या प्रमुखांच्या कचेरीत वेगवेगळ्या शंका होत्या. लक्ष्य दुसरेच असेल, तारीखही जूनच्या मध्याची असेल. हा निव्वळ तात्त्विक वाद नव्हता. पर्ल हार्बरला ताफ्याचा नवा सेनापती चेस्टर निमिट्झ याच्याकडे मोजून तीन विमानवाहू नौका होत्या, त्यांतली 'यॉर्कटाउन' मेच्या सुरुवातीच्या प्रवाळ समुद्राच्या लढाईत जबर जखमी झालेली. त्या चुकीच्या जागी उभ्या केल्या तर पुन्हा संधी नव्हती.

रोशफोर्टची स्वतःची खात्री होती. पण आपली खात्री हा दुसऱ्यासाठी पुरावा होत नाही. तेव्हा जॅस्पर होम्स या सहकाऱ्याने एक युक्ती सुचवली. होम्स पूर्वी हवाई विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवत असे. मिडवेवर गोडे पाणी नाही, समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून ते मिळवावे लागते, हे त्याला माहीत होते. मिडवे आणि होनोलुलू यांच्यात समुद्रतळाशी तार टाकलेली होती, आणि ती शत्रूला ऐकता येत नव्हती. त्या तारेने मिडवेला कळवले गेले: पाणी गोडे करणारे यंत्र बिघडले आहे, अशी बातमी साध्या भाषेत बिनतारीवरून आम्हाला पाठवा. मिडवेने ती पाठवली. जपानी केंद्राने ती ऐकली. दोनेक दिवसांत जपानी संदेश आला की 'एएफ'वर पिण्याच्या पाण्याची टंचाई आहे. तो हायपोत वाचला गेला आणि ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या केंद्रानेही स्वतंत्रपणे वाचला.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी या प्रयोगाकडे बारकाईने पाहावे. पाण्याची बातमी 'एएफ'ऐवजी दुसऱ्या खुणेसह आली असती तर रोशफोर्ट खोटा ठरला असता. म्हणजे हा प्रयोग त्याच्या विरुद्ध जाऊ शकत होता, म्हणूनच तो खरा प्रयोग. काहीच उत्तर आले नसते तर मात्र काहीही सिद्ध झाले नसते. बातमीही विचारपूर्वक निवडली होती. खरी वाटेल अशी, शत्रू कळवील इतपत महत्त्वाची, पण त्याला संशय येईल इतकी मोठी नव्हे. आणि एकाच वेळी एकच गोष्ट बदललेली.

पाच मिनिटे, पाच अंश, पाच मैल

ठिकाण ठरले, तारीख राहिली. तारखा आणि वेळा जपानी लोक कोशाच्या आत आणखी एका निराळ्या गुप्तलिपीत घालत. जोसेफ फिनेगन आणि वेस्ली राइट या दोघांनी मेच्या अखेरच्या आठवड्यात रात्रभर बसून ती उलगडली. वर्षाचे महिने बारा आणि महिन्याचे दिवस फार तर एकतीस, ही साधी गोष्ट त्यांना उपयोगी पडली. ३ जूनला उत्तरेकडे अल्युशियन बेटांवर आणि ४ जूनला मिडवेवर हल्ला होणार, असे उत्तर निघाले. त्यानंतर लगेच जपानी आरमाराने कोश बदलला आणि वाचन थांबले. उलगडा काही दिवस उशिरा झाला असता तर व्यर्थ होता.

निमिट्झने लेटनकडे नेमका अंदाज मागितला. लेटनने सांगितले: ४ जूनच्या सकाळी सहाच्या सुमारास, वायव्येकडून, ३२५ अंशांच्या दिशेला, मिडवेपासून १७५ मैलांवर शत्रू दिसेल. त्या सकाळी टेहळणी विमानाला जपानी नौका दिसल्या तेव्हा निमिट्झ लेटनला म्हणाला की तुझा अंदाज पाच मिनिटे, पाच अंश आणि पाच मैलांनीच चुकला.

'यॉर्कटाउन' गोदीत तीन दिवसांत डागडुजी करून पाठवलेली होती. अमेरिकेच्या तिन्ही नौका मिडवेच्या ईशान्येला आधीच दबा धरून होत्या. त्या लढाईत जपानच्या आकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार विमानवाहू नौका बुडाल्या. चारही पर्ल हार्बरच्या हल्ल्यात होत्या. अमेरिकेने 'यॉर्कटाउन' गमावली. तीन हजारांहून अधिक जपानी आणि तीनशेहून अधिक अमेरिकी माणसे मेली. तळघरातल्या आकड्यांचे दुसऱ्या टोकाचे उत्तर हे होते, हे विसरून चालणार नाही. पॅसिफिकमधल्या युद्धाचे पारडे इथून फिरले असे इतिहासकार मानतात. विजय केवळ गुप्तवार्तेने मिळाला असे मात्र कोणी म्हणू नये. कुठे उभे राहायचे ते तिने सांगितले. पुढचे काम वैमानिकांनी केले, आणि थोडे दैवानेही.

बरोबर असण्याची किंमत

निमिट्झने रोशफोर्टला विशिष्ट सेवा पदक द्यावे अशी शिफारस केली. वॉशिंग्टनला ती मंजूर झाली नाही. यशाचे श्रेय मुख्य कचेरीकडे जावे असे तिथल्या प्रमुखांचे म्हणणे होते आणि आरमाराचा सरसेनापती अर्नेस्ट किंग याने त्यांचा सल्ला मानला. रोशफोर्टचा स्वभावही या बाबतीत त्याच्या मदतीला आला नाही. तो फटकळ होता, आणि वॉशिंग्टनशी बोलताना शब्द सांभाळत नसे. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याला 'तात्पुरत्या कामासाठी' वॉशिंग्टनला बोलावले गेले. तो पुन्हा हायपोत परतला नाही. जपानी आरमाराचे मन जाणणाऱ्या या माणसाला काही काळ सॅन फ्रान्सिस्कोजवळ एका तरत्या गोदीचे काम दिले गेले. १९४४ मध्ये त्याला पुन्हा वॉशिंग्टनला गुप्तवार्तेच्या कामावर घेतले. युद्धानंतर तो निवृत्त झाला. कोरियाच्या युद्धाच्या वेळी त्याला काही काळ परत बोलावले गेले.

हायपोचे काम गुप्त असल्याने त्याला जाहीरपणे काही सांगताही येत नव्हते. २० जुलै १९७६ रोजी तो वारला. त्यानंतर कागदपत्रे हळूहळू खुली झाली आणि जुन्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. १९८६ मध्ये, शिफारशीनंतर ४४ वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ते पदक त्याच्या कुटुंबीयांच्या हाती दिले.

या गोष्टीत दोन निकाल आहेत. एक ४ जून १९४२ च्या सकाळी समुद्रावर लागला, तो मागायला कोणाकडे जावे लागले नाही. दुसरा माणसांनी द्यायचा होता, त्याला चव्वेचाळीस वर्षे लागली. विज्ञानाच्या इतिहासातही आपण हे अनेकदा पाहतो. निसर्ग उत्तराची पारख करताना उत्तर देणाऱ्याचे पद, शाळा आणि स्वभाव पाहत नाही. माणसे पाहतात.

वर्गात हातचा न घेता बेरजेचा खेळ जरूर घ्यावा. मुलांचे दोन गट करावेत, एका गटाने वीस शब्दांचा कोश आणि दहा संख्यांची वही तयार करावी, दुसऱ्याने ती फोडावी. संख्या तीनने भाग जाणाऱ्या घ्याव्यात, म्हणजे कसोटीचा उपयोग आपोआप कळेल. फोडणाऱ्या गटातला एखादा मुलगा किंवा मुलगी मध्येच उठून म्हणेल, "मला वाटते हा शब्द 'नदी' आहे." तेव्हा बरोबर की चूक ते लगेच सांगू नये. "हे खोटे असेल तर कशावरून कळेल?" एवढेच विचारावे, आणि उत्तर शोधायला वेळ द्यावा.